कलमदानांतील चाकू : लेखनाच्या लहान हत्यारांविषयीं कांहीं विचार

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकाची नजर स्वाभाविकपणेंच कागदावर खिळलेली असते. रुमाल सोडला, कीं आपण मायना पाहतों, तारीख लावतों, शिक्का व मोर्तब तपासतों, अक्षराचें वळण ओळखीचें आहे कीं काय हें न्याहाळतों. परंतु ज्या हातानें तो कागद लिहिला, त्या हातांत लेखणी येण्यापूर्वीं एक दुसरी वस्तु आलेली होती, तिची आठवण क्वचितच कोणास होते. ती वस्तु म्हणजे लेखणी तासण्याचा लहानसा चाकू. बोरू असो कीं पीस असो, चाकूवांचून त्याची लेखणी होत नाहीं; आणि लेखणी जशी तासली जाईल तसें अक्षर उमटतें. असें असतां आपल्या संग्रहांत पोथ्या आहेत, सनदा आहेत, नक्षीदार दौती व कलमदानेंही आहेत. चाकू मात्र बहुधा नाहींत. ही उणीव केवळ हौसेची नसून साधनांची आहे, व तिच्यामुळें कागदांविषयींचीं आपलीं अनुमानें कांहीं ठिकाणीं चुकतात, असें आमचें मत आहे. तें मत साधार मांडण्याचा येथें यत्न केला आहे.

(१)

या हत्यारांचीं नांवेंच त्यांचा प्रवास सांगतात. सुरी हा शब्द संस्कृत क्षुरिकेवरून आणि कातर हा कर्तरीवरून आला. चाकू हा शब्द फारसींतून आपल्याकडे आला. कलम हा शब्द आपणांस अरबी-फारसीच्या वाटेनें परिचित झाला असला, तरी त्या अरबी शब्दाचें मूळ बोरू या अर्थाच्या ‘कालामोस’ या ग्रीक शब्दांत आहे. लेखणी तासण्याच्या चाकूस फारसींत ‘कलमतराश’ म्हणतात. तराशणें म्हणजे तासणें. लेखणीच्या टोंकास शेवटीं जो आडवा छेद देतात तो ‘कत’. ‘कत्त’ या अरबी शब्दाचा अर्थच आडवें कापणें असा आहे. इंग्रजी भाषेंत खिशांतल्या लहान घडीच्या चाकूस अद्यापि ‘पेननाइफ’ म्हणतात. त्यांतील ‘पेन’ हा शब्द लॅटिनमधील पिसाच्या नांवावरून आलेला आहे. पिसाची लेखणी गेली, तिच्या चाकूचें नांव मात्र टिकून राहिलें.

आपल्या वाङ्मयांत या हत्यारांचा उल्लेख शोधूं गेल्यास फार दूर जावें लागत नाहीं. समर्थ रामदासांनीं (१६०८–१६८१) दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे. त्यांत निरनिराळ्या देशांचे बोरू, शाई, कागद, हिंगूळ, रेखाटणीचें साहित्य यांच्याबरोबरच सुऱ्या व कातरी यांचीही गणना केलेली आहे. टांक तोडण्याच्या प्रकारांचाही निर्देश आहे. समर्थांनीं तेथें नुसता उपदेश केला नसून लेखकाच्या बैठकीचा सरंजामच पुढें मांडला आहे. तरुणपणीं फार बारीक अक्षर लिहिलें तर म्हातारपणीं तें उपयोगीं पडत नाहीं, असा व्यवहारी इशाराही त्यांनीं दिला आहे. आणि अक्षर बारीक कीं मध्यम हें मुख्यतः टांक किती रुंद तोडला यावरच अवलंबून असतें, हें येथें ध्यानांत घ्यावें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत लेखनवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. सारांश, सतराव्या शतकांतील जाणत्या पुरुषांस लेखनाचें साहित्य ही नोंद घेण्याजोगी बाब वाटत होती.

(२)

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. पिकलेला, सरळ व कठीण सालीचा बोरू निवडून त्याच्या एका टोंकास प्रथम लांब उतरता छेद देतात. मग आंतील मऊ भाग खरवडून काढतात. दोन्ही अंगें तासून टोंकाची जीभ हवी तितकी अरुंद करतात. जेथें शाई अधिक काळ उतरत राहणें इष्ट असतें तेथें जिभेच्या मधोमध एक चीर पाडतात. सरतेशेवटीं टोंक एखाद्या कठीण व सपाट पृष्ठावर ठेवून, चाकूचें पातें त्यावर टेकून, एकाच दाबानें आडवा छेद घेतात. हा छेद म्हणजेच कत. दोनदां दाब द्यावा लागला तर कांठ दंतुर होतो, आणि तो दंतुरपणा पुढें प्रत्येक अक्षरांत उतरतो.

या चार-पांच क्रियांस चाकूचे निरनिराळे भाग लागतात. उतारास पात्याचा पोटाकडील भाग, चिरेस अणकुचीदार टोंक, आणि कतास अगदीं सरळ व ताठ धार. सर्व काम अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेंत व्हावयाचें असल्यानें पातें आंखूड असावें लागतें. परंतु दाब हाताचा असल्यानें मूठ त्या मानानें लांब असते. म्हणजे या चाकूचा लहानपणा हौसेचा नसून कामाचा आहे. ज्यास हें कळलें, त्यास खेळण्यांतला लहान चाकू आणि लेखकाचा लहान चाकू यांतील भेद सहज ओळखतां येतो.

दुसरी गोष्ट अशी, कीं बोरू एकदां तासून भागत नाहीं. लिहितां लिहितां टोंक झिजतें, शाईनें मऊ पडतें, रेघ पसरट होते; मग लेखक थांबतो, कत नवा करतो आणि पुढें लिहूं लागतो. लांब पोथ्या लक्षपूर्वक पाहणारांस याची खूण पानापानावर दिसेल. अक्षर हळूहळू जाड व बोथट होत जातें आणि एखाद्या ओळीपासून एकाएकीं बारीक व धारदार होतें. अशा जागीं ‘येथून दुसरा हात लागला’ असा शेरा मारण्याचा मोह पडतो. परंतु वळण तेंच, अक्षरांतील अंतर तेंच, मात्रा व वेलांट्या यांची ढब तीच, फक्त रेघेची जाडी बदललेली, असें असेल तर तेथें दुसरा लेखक आलेला नसून पहिल्याच लेखकानें चाकू हातांत घेतला असें समजणें अधिक युक्त होय. ज्यानें एकदां तरी स्वतः बोरू तासून दोन-चार पानें लिहिलीं आहेत तो ही चूक सहसा करणार नाहीं.

मोडी कागदांसंबंधानें हें विशेषच लागू आहे. मोडींत ओळीची रेघ आधीं ओढून मग अक्षरें तिच्याखालीं सलग लिहीत जातात. हात उचलण्याचे प्रसंग थोडे, गति पुष्कळ. अशा लेखनास टिकाऊ टोंकाची व शाई सुरळीत सोडणारी लेखणी लागते. बाळबोध पोथीचा रुंद कत येथें उपयोगीं नाहीं. एकाच लेखकाच्या कलमदानांत दोन-तीन निराळे बोरू असावयाचे ते यासाठींच. आणि त्यांच्या अक्षरांत दिसणारा फरक हा पुष्कळदां मनुष्याचा नसून लेखणीचा असतो.

(३)

कताचा कल हा सर्वांत महत्त्वाचा. कत सरळ घेतला तर रेघांची जाडी एका रीतीनें वांटली जाते, तिरपा घेतला तर दुसऱ्या रीतीनें. देवनागरीचा बोरू आणि रोमन अक्षरांची रुंद लेखणी यांचे कल परस्परविरुद्ध असतात. म्हणून दोन्ही लिप्यांत जाड व बारीक रेघांची वांटणी उलट पडते. अरबी व फारसी सुलेखनकारांनीं तर कताच्या कलाचें स्वतंत्र शास्त्रच केलें. बगदादचा विख्यात सुलेखनकार इब्न अल्-बव्वाब (मृत्यु १०२२) यानें सुलेखनावर एक पद्यरचना केली. तींत कताकडे सर्व लक्ष द्यावें असें सांगून, त्याचें रहस्य मात्र आपण उघड करणार नाहीं असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे. तिरपा व वाटोळा यांच्यामधला आकार, एवढेंच तो सुचवितो. ज्याच्या अक्षरांस साऱ्या इस्लामी जगानें आदर्श मानिलें, त्यानें अक्षराचे आकार उघड शिकविले आणि चाकूचा एक छेद तेवढा झांकून ठेविला, यांत या लहान हत्याराचें मोल दिसून येतें.

इस्तंबूलच्या उस्मानी सुलेखनकारांनीं ही हत्यारें पराकाष्ठेस नेलीं. तेथील कलमतराश आंखूड पोलादी पात्याचा व लांब मुठीचा असे. मूठ हस्तिदंताची, पोंवळ्याची किंवा मोलवान लाकडाची. पात्यावर कारागीर आपल्या नांवाचा सूक्ष्म ठसा उमटवी. त्याच्या जोडीला कत घेण्याची हाडाची वा हस्तिदंताची चपटी पट्टी असे. तिला तेथें ‘मकता’ व फारसींत ‘कतजन’ म्हणतात. तिच्यावर बोरू टेकण्यासाठीं एक पन्हळ असते, व वापरलेल्या पट्टीवर छेदांच्या सूक्ष्म रेघा उमटलेल्या असतात. या रेघा म्हणजे लेखणीचा लेखच होय. त्यांची लांबी टोंकाची रुंदी सांगते, त्यांचा कल कताचा कल सांगतो. तुर्कस्तानांत १९२८ सालीं कायद्यानें अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली, आणि या चाकूंचें रोजचें काम संपलें. आज त्यांतील अनेक चाकू व पट्ट्या इस्तंबूल येथील साकिप साबांजी संग्रहालयांत सुलेखनाच्या नमुन्यांबरोबर जपून ठेविलेल्या आहेत. हत्यार व अक्षर एकत्र ठेवण्याची ही दृष्टि आपण घेण्याजोगी आहे.

(४)

चाकूचें दुसरें काम खोडण्याचें. युरोपांत चामड्याच्या पत्रावर लिहीत, तेव्हां लेखकाच्या एका हातांत लेखणी व दुसऱ्या हातांत चाकू असे. चुकलेलें अक्षर तो तेथल्या तेथें खरवडून काढी. आपल्याकडील हातकागद खळ देऊन व घोटून गुळगुळीत केलेला असे. त्यावर चाकू चालविला तर घोटलेला थर निघून जातो व खालचे तंतु उघडे पडतात; त्या जागीं पुन्हां लिहिलेली शाई किंचित् पसरते. पोथी लिहिणारे म्हणून खरवडण्याऐवजीं चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला.

या साध्या भेदाचा उपयोग संशोधकास मोठा आहे. पोथींत हरताळ दिसली तर तो लेखकाचा किंवा शोधकाचा प्रामाणिक हात समजावा. परंतु वतनाच्या किंवा इनामाच्या कागदांत नांव, आंकडा अथवा सालाची जागा खरवडलेली आढळली, तर तेथें थांबून भिंग घेतलें पाहिजे. पान उजेडाकडे तिरपें धरल्यास घोटलेल्या पृष्ठावर खरवडलेली जागा निस्तेज दिसते. पाठीमागून उजेड घेतल्यास ती पातळ दिसते. चाकूनें कागदावर केलेलें काम ओळखावयाचें तर चाकू कसा चालतो हें ठाऊक असावें लागतें, हें निराळें सांगावयास नको.

(५)

कागदाचा प्रांत सोडून ताडपत्राच्या प्रांतांत गेलें, तर चाकूचें रूप बदलतें, महत्त्व बदलत नाहीं. तमिळ देशांत ताडपत्रावर अक्षरें कोरण्याच्या लोखंडी लेखणीस ‘एळुत्ताणी’ म्हणतात. येथें लेखणी तासावयाची नसते; परंतु पानांच्या कडा कापून सारख्या कराव्या लागतात. म्हणून कांहीं एळुत्ताणींत एका अंगास कोरणी व दुसऱ्या अंगास लहान चाकू असून दोन्ही मुठींत मिटतात. खिशांत बाळगावयाच्या घडीच्या चाकूचा हा आपल्याच देशांतील एक सुंदर नमुना होय. तंजावरच्या मराठी राज्याशीं आपला संबंध असल्यानें महाराष्ट्रीय संग्राहकास तो परका वाटूं नये. सरफोजी राजे (दुसरे, कारकीर्द १७९८–१८३२) यांनीं वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयांत ताडपत्रें आणि मराठी कागद एकाच छताखालीं नांदत आहेत. त्या नगरींत बोरूचा चाकू आणि ताडपत्राचा चाकू हे शेजारी-शेजारी चालले असले पाहिजेत.

(६)

एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडील कलमदानांत विलायती चाकू येऊं लागले. त्यांतील पुष्कळांवर शेफील्ड या गांवाचें नांव आढळतें. म्हणून त्या गांवाची थोडी माहिती संग्राहकास असणें अवश्य आहे. चॉसर या इंग्रज कवीनें चौदाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या एका कथेंतील गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा चाकू खोंवलेला दाखविला आहे. इतकी त्या गांवची कीर्ति जुनी. तेथील चाकू करणारांच्या संघास १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें मान्यता मिळाली. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन यानें मुशींत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसविली, आणि बारीक परंतु ताठ धारेचीं पातीं करणें सुलभ झालें. पातें घडविणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ व कमान बसविणारा तिसरा, अशी कामाची वांटणी असे. सहाणेच्या धुळीनें धार लावणारांचीं फुप्फुसें लवकर खराब होत; या चिमुकल्या वस्तूंमागें तेंही मोल दिलें गेलें आहे.

पुढें १८२० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅम येथें यंत्रानें पोलादी टांक निघूं लागले. टांक झिजला कीं टाकून द्यावा व नवा घालावा; तासण्याचें कारणच उरलें नाहीं. तेव्हां पिसाच्या चाकूचें काम हळूहळू संपलें, पण चाकू संपला नाहीं. तो अधिकच लहान झाला, घड्याळाच्या सांखळीस लोंबूं लागला, सोन्यारुप्याची मूठ ल्याला आणि अलंकार बनला. शेफील्डच्या कारागिरांनीं कौशल्य दाखविण्यासाठीं केलेल्या वस्तूंची गणना निराळी करावी. जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्यानें १८२२ सालीं तितक्याच पात्यांचा, म्हणजे १८२२ पातीं असलेला चाकू केला, व १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं ७५ पात्यांचा प्रचंड ‘नॉरफोक’ चाकू सिद्ध केला. हीं आश्चर्यें खरीं. परंतु त्यांनीं कोणी कधीं लेखणी तासली नाहीं.

संग्राहकास आम्ही एकच कसोटी सुचवूं : वस्तु कितीही लहान असो, ती आपलें काम करूं शकते काय? पातें उघडतें व मिटतें काय? कमान त्यास जागेवर धरते काय? धारेस पाणी दिलेलें आहे काय? कातरीचीं दोन्ही पातीं टोंकापर्यंत भेटतात काय? कोडगूच्या पीचेकत्तीच्या म्यानास रुप्याच्या सांखळ्यांनीं जीं चिमुकलीं हत्यारें टांगलेलीं असतात, तींही याच कसोटीनें पाहावीं. काम करणारी लहान वस्तु ही इतिहासाचें साधन आहे. काम न करणारी ही शोभेची वस्तु आहे. दोन्ही जपाव्या, पण एकीस दुसरीचें नांव देऊं नये.

(७)

नांव देण्याचा प्रश्न आला म्हणून एका नाजूक विषयास हात घालणें भाग आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारांत पेशवाईंतील थोर पुरुषांच्या नांवानें दौती, कलमदानें व चाकू पुढें केले जातात. विकणारा नेहमींच लबाड असतो असें नाहीं. पुष्कळदां घराण्यांतील आठवणच तशी असते. परंतु वस्तु स्वतः साक्ष देत असेल तर ती ऐकली पाहिजे. पात्याच्या मुळाशीं भिंगानें पाहिल्यास बहुधा ठसा सांपडतो. ठशांत मुकुट व त्याच्या दोन अंगांस व्हिक्टोरिया राणीचीं आद्याक्षरें असतील, तर तो चाकू १८३७ पूर्वींचा असूं शकत नाहीं. कारण राणी त्या वर्षीं गादीवर आली. नाना फडणीस १८०० सालीं वारले, व पेशवाई १८१८ सालीं बुडाली. गांवाच्या नांवाखालीं ‘इंग्लंड’ असें देशाचें नांव निराळें दिलेलें असेल तर वस्तु बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेंत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचें नांव घालण्याची सक्ति त्या वर्षापासून झाली. पातें न गंजणाऱ्या पोलादाचें असेल तर तें १९१३ नंतरचें. त्या वर्षीं हॅरी ब्रेअर्ली यानें शेफील्ड येथें तें पोलाद तयार केलें. मूठ हस्तिदंताची म्हणून सांगितली जाते, ती सेल्युलॉइडची निघते. तो पदार्थ १८७० च्या सुमारास बाजारांत आला. हस्तिदंताच्या आडव्या छेदांत एकमेकांस छेदणाऱ्या वक्र रेघांचें जाळें दिसतें. सेल्युलॉइडांत नुसत्या समांतर रेघा असतात.

मात्र येथें उलट बाजूची चूकही टाळली पाहिजे. कलमदानांत उशिराचा चाकू सांपडला, म्हणून कलमदान उशिराचें ठरत नाहीं. चाकू हें झिजणारें हत्यार आहे. वारंवार धार लावल्यानें पातें अरुंद होतें, मग मालक तें टाकून नवें घेतो. आजोबांच्या कलमदानांत नातवाचा चाकू असणें हें अगदीं स्वाभाविक आहे. त्यावरून एवढेंच सिद्ध होतें, कीं तें कलमदान नातवाच्या काळींही वापरांत होतें. आणि हीही माहिती कांहीं थोडी नव्हे.

(८)

आतां स्वतःची एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्यांतील सामानाची वांटणी होत असतां एक पितळी कलमदान आमच्या वांट्यास आलें. त्यांत दोन बोरू, एक गंजलेला चाकू आणि हाडाची एक चपटी पट्टी होती. पट्टी काळवंडलेली व ओरखड्यांनीं भरलेली. चाकू आम्हीं उत्साहानें सहाणेवर घासून लखलखीत केला. पट्टी निरुपयोगी समजून तेथेंच कोनाड्यांत ठेविली. पुढें त्याच घराण्याचे कागद वाचण्याचा योग आला. तीन-चार वर्षांच्या कागदांत एकाच वळणाचें परंतु दोन निराळ्या जाड्यांचें अक्षर आढळलें. तें बापाचें व मुलाचें, कीं एकाच लेखकाच्या दोन लेखण्यांचें, हा प्रश्न उभा राहिला. आणि त्यावर एका वादग्रस्त तारखेचा निकाल अवलंबून होता. तेव्हां त्या ओरखड्यांची आठवण झाली. तीं कताचीं चिन्हें होतीं. त्यांची लांबी मोजली असती तर किती रुंदीचे टांक त्या घरांत तोडले जात हें कळलें असतें. चाकूच्या पात्यावरील झीज पाहिली असती तर हातही कळता. पण ती झीज आम्हीं स्वतःच घासून टाकिली होती. पट्टी आणावयास गेलों, तों घर पाडून जागा मोकळी केलेली. तो प्रश्न आजही तसाच आहे.

अशी हानि टळावी म्हणून दोन संग्राहकांचीं उदाहरणें पुढें ठेवण्यासारखीं आहेत. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. ज्या घरगुती वस्तूंकडे कोणी वळून पाहत नव्हतें, ते दिवे, अडकित्ते, दौती त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. आपल्या दिवंगत मुलाच्या नांवें उभें केलेलें संग्रहालय त्यांनीं महाराष्ट्र शासनास अर्पण केलें. नित्याच्या वापरांतली वस्तु हीही साधन आहे, हें आपल्यास त्यांनीं शिकविलें. दुसरे शेफील्डचे केन हॉले (१९२७–२०१४). त्यांनीं तयार हत्यारांबरोबर अर्धवट घडविलेलीं हत्यारें, तीं घडविण्याचीं हत्यारें आणि कारखान्यांच्या मालाच्या याद्या हेंही सारें जमविलें. तो संग्रह आज तेथील केल्हम आयलंड संग्रहालयांत आहे. एकटी वस्तु मुकी असते, आणि तिच्या सोबत्यांसह ठेविली तर ती बोलूं लागते, हें त्यांनीं दाखविलें.

(९)

यावरून कांहीं व्यवहाराचे नियम निघतात. कलमदान मिळाल्यास तें रिकामें करण्यापूर्वीं आंत काय कोठें होतें याची टीप व छायाचित्र घ्यावें. बोरूचे तुकडे, हाडाची पट्टी, कातर, वाळूची डबी, कानकोरण्यासारखी असंबद्ध वाटणारी वस्तु, कांहींच टाकूं नये. चाकूस नवी धार लावूं नये व सहाण दाखवूं नये. सैल गंज मऊ फडक्यानें पुसावा, पोलादास खनिज तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा, आणि तेल लाविलेली वस्तु कागदाजवळ ठेवूं नये. चामड्याच्या म्यानांत पातें कायमचें ठेवल्यास गंज चढतो. सेल्युलॉइडच्या मुठी तर निराळ्याच ठेवाव्या. जुनें झालेलें सेल्युलॉइड आम्लयुक्त वाफ सोडतें, तिनें शेजारचें पोलाद व कागद दोन्ही खराब होतात. पात्याची लांबी व रुंदी, मुठीची लांबी, ठशाचें रेखाचित्र, झीज कोणत्या भागास आहे, आणि वस्तु कोणत्या दफ्तराबरोबर आली, एवढीं कलमें प्रत्येक नोंदींत असावींत.

कायद्याचेंही भान ठेवावें. १९७२ सालच्या पुरावस्तुविषयक केंद्रीय कायद्यानें हस्तलिखितास ७५ वर्षांची व इतर वस्तूंस १०० वर्षांची मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेपलीकडील हस्तलिखित ऐतिहासिक, शास्त्रीय, वाङ्मयीन किंवा कलेच्या दृष्टीनें मोलाचें असेल तर तें पुरावस्तु ठरतें, आणि पुरावस्तु खाजगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहीं. हस्तिदंताच्या व्यापारास आपल्या देशांत बंदी आहे. तेव्हां तशा मुठीची वस्तु देण्याघेण्यापूर्वीं जाणत्याचा सल्ला घ्यावा. पण या कायद्यांतही एक बोध आहे. पंचाहत्तर वर्षांचा कागद जपण्यास कायदा सांगतो. त्याच बैठकीवरचा त्याच वयाचा चाकू जपण्याचें काम अजून पंचवीस वर्षें केवळ संग्राहकाच्या विवेकावर सोंपविलेलें आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपी शाळांतून व कचेऱ्यांतून मागें पडली, आणि बोरूबहाद्दर म्हणून ज्यांची थट्टा होई त्या कारकुनांची पिढीही गेली. बोरूनें कित्ता गिरविलेलीं माणसें आतां विरळा. त्यांच्या घरांतील माळ्यांवर व कोनाड्यांत जीं कलमदानें पडून आहेत, त्यांतील पितळ व रुपें विकलें जाईल, पोथ्याही कोणीतरी उचलील; गंजलेला चाकू आणि ओरखडलेली पट्टी यांना मात्र कोणी विचारणार नाहीं. ज्यांच्या संग्रहांत अशा वस्तु असतील त्यांनीं त्यांचीं मापें, ठसे व त्या कोणत्या कागदांबरोबर मिळाल्या ही माहिती प्रसिद्ध करावी, अशी आमची विनंति आहे. अशा पन्नास-पाऊणशें नोंदी एकत्र झाल्या, तर अक्षरावरून लेखक ओळखण्याच्या आपल्या अनुमानांस आज नसलेला एक आधार मिळेल.